विठोबा बिन कोंडिबा

विंझरच्या साळूबाईच्या नवऱ्याचं नाव रखमाजी. हे नाव तिच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. नवऱ्याचं नाव बायकोनं घेतलं की त्याचं आयुष्य झिजतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिला चालता-बोलता येतं तसं येत होतं. पंचाईत एवढीच, की गावच्या देवळात विठोबाशेजारी उभी असलेली रखुमाई नेमकी तिच्या नवऱ्याच्या नावातच येऊन बसली होती. म्हणून साळू हात जोडताना म्हणायची, "इठोबा, आन् तुमच्या मालकीणबाई, सांभाळा." शेजारची ठकुबाई मुद्दाम विचारायची, "काय गं, इठोबाच्या मालकिणीला नाव न्हाई व्हय?" मग साळू पदर तोंडाला लावून घागर उचलायची.

एकोणचाळीस सालच्या कार्तिकात तिची लेक बनी तीन महिन्यांची झाली होती. आंबेमोहोर कापणीला आला होता, लोंब्या जड होऊन वाकल्या होत्या, आणि नेमकी तेव्हाच वेठीची दवंडी आली. भोर संस्थानच्या कुणा बड्या पाहुण्यांसाठी शिकार ठरली होती. घरटी एक गडी, आठ दिवस, भाकरी ज्याची त्यानं घ्यायची आणि हाक्याला यायचं. हाका म्हणजे चारी बाजूंनी रान घेरायचं, डबे बडवत, ओरडत, सावज बंदुकीसमोर काढायचं. बंदूक पाहुण्याच्या हातात. उलट फिरलेल्या डुकराला अडवायला हाक्यातल्या माणसाच्या हातात काठी. रखमाजीचा बाप कोंडिबा दोन वर्षांपूर्वी असाच डुकरानं फाडला होता. पंधरा दिवसांनी वरून एक धोतरजोडा आला. सासू फुलाबाईनं तो घडी न मोडता उतरंडीमागं ठेवला होता, आणि घरात कुणी त्याला हात लावत नव्हतं.

त्यातून दवंडीत आणखी एक कलम होतं. शिकार होईपर्यंत शेतात राखणीला ओरडायचं नाही, गोफण मारायची नाही, सावज बुजतं. म्हणजे डुकरांनी भात खायचं आणि माळ्यावर बसलेल्या माणसानं ते मुकाट ऐकायचं. रखमाजीनं ते तीन रात्री ऐकलं. चौथ्या दिवशी सकाळी तो बनीला मांडीवर घेऊन बसला, तिची इवली मूठ आपल्या अंगठ्याभोवती आवळून बघत राहिला, आणि म्हणाला, "न्हाई म्हनता येतं, साळू."

"कशाला?"

"वेठीला. वकील सांगून गेलं. लई कायबाय बोललं, समदं काय कळलं न्हाई मला. पर येवढं कळलं. न्हाई म्हनता येतं."

वकील म्हणजे भोरचे गंगाधरपंत. प्रजा परिषदेचं काम करायचे, गावोगाव पायी फिरायचे. त्यांच्या सांगण्यावरून विंझर, मार्गासनी आणि आसपासच्या वाड्यांतले बेचाळीस गडी भोरला निघाले. निघताना फुलाबाईनं लेकाच्या कपाळाला अंगारा लावला आणि सुनेला बाजूला घेऊन बजावलं, "गडी संकटात हाय तवर त्येचं नाव चुकून बी ओठावर यिऊ दिऊ नगंस. येरवी आयुष्य झिजतं, संकटात तुटतं."

भोरला ते बेचाळीस जण कचेरीसमोर जाऊन बसले. उठा म्हटलं तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कोठडीत घातलं आणि नावं विचारायला सुरुवात झाली. गड्यांनी आपसात ठरवून ठेवलं होतं.

"नाव काय?"

"प्रजा."

"बापाचं नाव?"

"प्रजा."

बेचाळीसही जणांनी हेच सांगितलं. मारून पाहिलं तरी तेच. शेवटी अंमलदारानं वेगळी तोड काढली: भाकरी घेऊन घरची माणसं येतील तेव्हा त्यांच्याकडून नाव लिहून घ्यायचं, त्याशिवाय भाकरी आत जाऊ द्यायची नाही. बायका दोघी-दोघींनी गेल्या आणि त्यांनी हा पेच आपल्या रीतीनं सोडवला. हिनं तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं, तिनं हिच्या. बोभाटा न होता काम झालं.

साळूला मात्र त्यांच्याबरोबर जाता आलं नाही, बनी तापली होती. ताप उतरल्यावर ती एकटीच निघाली. वाटेत नसरापूरला मावशीकडे टेकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भोरला पोचली. पाठीला पोर, डोक्यावर भाकरीचं फडकं. कचेरीच्या ओसरीवर दीनानाथ नावाचे कारकून यादी घेऊन बसले होते. माणूस वाईट नव्हता. चार दिवस तोच तो गोंधळ ऐकून त्याचं डोकं उठलं होतं, एवढंच.

"गाव?"

"इंझर."

"नवरा आत आहे ना? नाव सांग."

साळू खाली बघत उभी राहिली.

"बरं, सासऱ्याचं सांग. का तेही चालत नाही?"

तेही चालत नव्हतं. साळू म्हणाली, "भात कांडल्यावर काय ऱ्हातं, त्येच्यात बगा."

दीनानाथांनी क्षणभर विचार केला आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले. "कोंडा. कोंडिबा. बरोबर? आता नवऱ्याचं."

"इठोबाच्या मालकिणीचं नाव हाय. फुडं जी लावायचा."

तेवढ्यात बनीनं रडून ओसरी डोक्यावर घेतली. मागं उभी असलेली म्हातारी ढकलत होती, शिपाई "चला चला" करत होता. दीनानाथांच्या कानात जेवढं शिरलं तेवढं त्यांनी लिहिलं आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचलं, "विठोबा बिन कोंडिबा, मौजे विंझर."

साळूनं ते ऐकलं. नीट ऐकलं. "तसं न्हवं," ती म्हणाली.

"मग कसं? सांग ना. लेखणी हातातच आहे माझ्या."

तिनं तोंड उघडलं. पहिलं अक्षर जिभेच्या टोकावर आलं, आणि तिला सासूचा आवाज ऐकू आला, 'संकटात तुटतं.' आत, भिंतीपलीकडे तिचा नवरा होता. पाठीवर त्याची पोर होती. तिनं तोंड मिटलं. भाकरी तर आत जातीय, नावाला काय करायचंय, असं मनाशी म्हणाली आणि फडकं शिपायाच्या हातात देऊन बाजूला झाली.

भात पिकून गळायला लागलं. कोठडीत एकेकाचा जीव तळमळू लागला, आणि तेराव्या दिवशी माफीचे कागद आले. चुकलं म्हणून आपल्या नावासमोर अंगठा उठवायचा आणि कापणीला घरी जायचं. दारात उभं राहून शिपाई नावं पुकारू लागला. आधी कुणी उठेना. मग एकजण उठला. त्यानंतर कुणी कुणाकडं बघितलं नाही.

गडी गावात परतले ते तिन्हीसांजेला, माळेगत एकामागं एक, मुकाट. साळू वेशीवर बनीला घेऊन उभी होती. एकेक चेहरा पुढं सरकत गेला. शेवटचा गेनबा होता, रखमाजीचा जोडीदार. तो तिच्यासमोर थांबला, पण तिच्याकडं न बघता पोरीकडं बघत बोलला.

"त्यो न्हाई आला, वयनी. आमी समद्यांनी आंगठं दिलं. त्यानं न्हाई दिला. म्होरं झालाच न्हाई." मग म्हणाला, "आमच्यात गडी त्यो योकच."

"तिथं कुणाकुणाची नावं पुकारली?" साळूनं विचारलं.

"समद्यांची. योक कुणी इठोबा व्हता, त्येला तीनदा हाका मारल्या. कुनीच उठलं न्हाई."

साळू तिथंच खाली बसली. गेनबाला वाटलं, नवरा आला नाही म्हणून.

चौथ्या दिवशी ती ठकुबाईला घेऊन पुन्हा भोरला गेली. या वेळी ठकुबाईनं नाव खणखणीत सांगितलं. दीनानाथांनी यादी उलटीपालटी करून पाहिली. या नावाचा कुणी नाही, म्हणाले. एक जण राहिला होता, शेवटपर्यंत नाव न सांगणारा, म्होरक्या समजून त्याला लांबच्या तुरुंगात धाडलं. माफीचं काम तर मिटलं. साळूनं हात जोडले, तसे ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, आता मी नाव बदललं तर माझी मान जाईल."

वकिलांच्या घरी त्यांच्या पत्नी मालिनीबाईंनी साळूला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, बनीला आपल्या हातानं शिवलेलं कुंची-टोपडं घातलं. पुण्याच्या एका पत्रात बातमी आली होती, ती वकिलांनी वाचून दाखवली. एकेचाळीस वाकले, एक वाकला नाही.

"आवं, नावाचा घोटाळा झालाय," साळू कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे," वकील म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "सात जन्म विचारलं तरी तो नाव सांगायचा नाही त्यांना."

त्या भरल्या डोळ्यांपुढं साळूला पुढं बोलता आलं नाही.

सात महिन्यांनी, ज्येष्ठात, रखमाजी सुटला. मार्गासनीपासून वाजतगाजत आणला त्याला. गळ्यात हार होते आणि हारांच्या वर मान अशी वाळकी, की साळूला क्षणभर वाटलं सासराच चालत येतोय. बनी रांगायला लागली होती. बापानं हात पुढं केले तर किंचाळून आईच्या पायाला बिलगली. "अगं, बा हाय तुजा," सगळे हसत म्हणाले. रखमाजीही हसला, आणि मग त्याला जो खोकला लागला तो थांबेना.

आठवडाभर माणसांची रीघ होती. ती आटली तेव्हा एका सकाळी तो अंगणात उन्हाला बसला होता आणि साळू नाचणी पाखडत होती. तो आपणहून बोलला.

"तुला म्हनून सांगतो. म्या आंगठा देनारच व्हतो."

साळूचं सूप थांबलं.

"भात दिसत व्हतं डोळ्यापुडं. ही बनी दिसत व्हती. पयला गडी उठला तवाच म्या ठरवलं. दाराजवळ जाऊन हुबा ऱ्हायलो, नाव पुकारलं की म्होरं व्हयचं म्हनून. समदी संपली, माझं नाव आलंच न्हाई. मंग सांगितलं मी नाव. तर शिपाई म्हनतो, असा कुनी न्हाईच. तू प्रजा हायेस न्हवं, मग ऱ्हा प्रजा म्हनून."

साळूनं सूप खाली ठेवलं. मग तिनं सगळं सांगितलं. कोंड्याचं सांगितलं, मालकिणीचं सांगितलं, दीनानाथांनी मोठ्यानं वाचलं ते सांगितलं. "म्या ऐकलं व्हतं," ती म्हणाली. "चुकलंय ह्ये मला तवाच कळलं व्हतं. पर जीभ उचलली न्हाई."

रखमाजीनं तिच्याकडं बघितलं. मग हसला. हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाचं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. "इठोबा केलास व्हय मला," तो म्हणाला. त्यानंतर त्या गोष्टीवर तो तिला कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

आश्विन सरता सरता पुन्हा दवंडी आली. पुन्हा हाका. या वेळी मात्र दऱ्याखोऱ्यांतली सत्तर गावं उठली होती, आणि उठली होती ती त्या एका न वाकलेल्या माणसाच्या गोष्टीवर. वकील आणि मालिनीबाई विंझरला आले. रखमाजीनं पुढं चालावं, एवढंच मागणं होतं. रखमाजी पाठीमागं गोठ्यात होता. साळूनं बनीला सासूकडं दिलं आणि दोघांच्या समोर येऊन बसली.

"त्येस्नी नेऊ नगा," ती म्हणाली. "रातचं उशाला राखंचं गाडगं ठेवते, त्यात रगत पडतंय. पुन्यांदा आत गेलं तर भाईर यायचं न्हाईत." आणि तिनं मनाशी धरून ठेवलेलं सारं काही त्यांच्यासमोर ठेवलं. "त्येंनी माफी नाकारली न्हाई. त्येस्नी घरी यायचं व्हतं. माझ्यामुळं ऱ्हायलं. मर्द म्हनून न्हाई ऱ्हायलं, मी नाव घेतलं न्हाई म्हनून ऱ्हायलं."

वकिलांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. मालिनीबाईंनी साळूचा हात धरला.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?" वकिलांनी विचारलं.

"त्येस्नी. आन् आता तुमास्नी."

"मग इथंच राहू दे, साळूबाई. तुझ्या पाया पडतो. सत्तर गावं आहेत. आज हे बाहेर पडलं, तर उद्या वेशीवर पाऊल टाकायला कुणी उरणार नाही."

"आन् माझा धनी उरला न्हाई तर?"

"अहो, तिला काहीतरी उत्तर द्या," मालिनीबाई म्हणाल्या. वकील मान खाली घालून उठले आणि म्हणाले, "मी त्याला बोलवणार नाही. तो आपणहून आला तर अडवणार नाही."

रखमाजीनं ते गोठ्यातून ऐकलं असावं. तो दारात आला तेव्हा त्याच्या मागं नुकतेच आलेले गेनबा आणि चिमाजी होते, मागल्या साली अंगठा दिलेले. वर्षभर त्या एकेचाळीस घरांतल्या बायकासुद्धा नवऱ्यांना टोमणे मारीत होत्या. गेनबा म्हणत होता, "तू व्हतास म्हनून तोंड दावायला जागा ऱ्हायली आमाला. औंदा तुझ्या मागनं चाललो तर ती आंगठ्याची शाई जाईल बग." रखमाजीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मी पण तुमच्यातलाच, हे तीन शब्द होते. साळू बघत होती. ते शब्द त्याच्या गळ्याशी आले, आणि तिच्या जिभेवर मागं अडले होते तसे तिथंच अडले.

"येतो," तो म्हणाला.

सत्तर गावांतून त्या साली एकही माणूस हाक्याला गेला नाही. रान गप्प राहिलं, पाहुणे परत गेले. पुढाऱ्यांना धरलं, त्यात रखमाजीला सगळ्यांत आधी. साळू भोरला पोचली तेव्हा ओसरीवर तेच दीनानाथ होते, केस जास्त पिकलेले. तिनं कुणाची वाट बघितली नाही. टेबलापाशी जाऊन, भरल्या ओसरीत, चारचौघांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "रखमाजी. रखमाजी बिन कोंडिबा. लिवा. रखमाजी." मागच्या बायकांतल्या कुणीतरी 'अगं बया' म्हणून तोंडावर हात ठेवला.

"लिहिलंय बाई," दीनानाथ खालमानेनं म्हणाले. "आता कुणाला माहीत नाही ते नाव?"

माफीचे कागद त्या वेळी आलेच नाहीत. सत्तर गावांपुढं कागद नाचवण्यात अर्थ नव्हता. एकविसाव्या दिवशी हुकूम निघाला, हाक्याची वेठ बंद, आणि सगळे सुटले. लोकांनी रखमाजीला खांद्यावर घेतलं. घेतलं ते बरं झालं, कारण त्याला चालता येत नव्हतं. नसरापूरपर्यंत गुलाल होता. मार्गासनीच्या पुढं बैलगाडीत साळूच्या मांडीवर डोकं ठेवून तो पडला होता. बनी शेजारी बसून त्याच्या कपाळावरचा गुलाल बोटानं पुसून आपल्या गालाला लावत होती. घर दोन शेतांवर राहिलं होतं तेव्हा त्याचा श्वास थांबला. गाडीवानाला ते कळलं नाही. साळूला कळलं, पण तिनं गाडी थांबवली नाही. दारापर्यंत तसंच येऊ दिलं.

कचेरीतली गोष्ट फुलाबाईच्या कानावर आधीच आली होती. तिनं धोतरजोडा काढला, घडी मोडली, लेकाच्या अंगावर घातला. सुनेला म्हणाली, "घेतलंस न्हवं नाव? आता बस." पुढं सहा वर्षं जगली, सुनेच्या हातचं जेवली, पण सरळ तोंडाकडं बघून बोलली नाही. साळूनंही तिला मागल्या वेळची गोष्ट सांगितली नाही. नाव न घेतल्यानं काय झालं आणि घेतल्यानं काय झालं, हे तिचं तिलाच कधी उमगलं नाही. भाकरी थापताना, पोरीची वेणी घालताना ते मनात यायचं, आणि मग हात तसाच थांबायचा.

अठ्ठेचाळीस सालच्या शिमग्याच्या आधी संस्थानच संपलं, मुंबई इलाख्यात गेलं. भोरला मिरवणूक निघाली. विंझरचे लोक ट्रक करून गेले. गेनबा बोलवायला आला होता. साळू म्हणाली, गाय व्यायला झालीय. शाळा सोडली तर गाव रिकामं झालं. कुणाची वेठ नव्हती आता, कुणाचा हुकूम नव्हता. वीतभर जमिनीसाठी शेजाऱ्यांचे बांध तेवढे नव्यानं कोरले जायला लागले होते, आणि चावडीवर बसणारी माणसं बदलली तरी उंबऱ्याखाली उभी राहणारी माणसं तीच होती.

बनी शाळेतून पळत आली. पाटी भिंतीला लावून म्हणाली, "आये, आज गुरुजींनी बाची गोष्ट सांगितली. समद्या पोरांनी माझ्याकडं बगितलं. बानं माफीचा कागुद टराटरा फाडला, आन् म्हनला, मेलो तरी बेहत्तर. व्हय?"

साळू गाईपाशी बसली होती. "गुरुजींनी सांगितलं?"

"व्हय. तो भ्याला न्हाई, म्हनले. त्याला घरादाराची पर्वा न्हवती, म्हनले."

साळूनं हात पदराला पुसले आणि पोरीला जवळ ओढलं. तिच्या केसांना धुळीचा आणि खडूचा वास येत होता. कपाळ अगदी त्याचं होतं.

"समदं खरं असंल," ती म्हणाली. "पर ह्ये शेवटचं न्हवं. त्येला घरी यायचं व्हतं, बने. लई यायचं व्हतं. ह्ये गुरुजींला सांगू नगंस, पर तू ध्यानात ठेव."

"मंग का न्हाई आला?"

गाय हंबरली. साळूनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पोरीला म्हणाली, "कंदील आण जा हिकडं. अंधारतंय."